चार बोटांच्या आत

१

सुकऱ्याची होडी पाहून कुणाही शहाण्या माणसाने तिच्यात पाऊल टाकलं नसतं. पत्र्याचं मोठं घमेलं कुणीतरी चौकोनी ठोकून पाण्यात सोडून द्यावं, तसा तिचा अवतार. बूड सपाट, पुढून बोथट. मोखाड्याला वेल्डिंग करून आणलेला पत्रा, आत बसायला सागाच्या चार आडव्या फळ्या आणि सांध्यांना डांबर, एवढाच सगळा थाट. पण माळावरच्या पाड्यातली चाळीस घरं बारा वर्षं तिच्यातूनच पलीकडे जात होती. पलीकडे सडक होती, जीप होती, दवाखाना आणि बाजार होता. होडीत बसायचं नसेल तर डोंगराला वळसा घालून चार तास तंगडतोड करायची.

धरणात पाणी भरलं तेव्हा जुना पाडा बुडाला, माणसं वर माळावर सरकली आणि नाचणी पिकवणारा सुकऱ्या नावाडी झाला. हे काम त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे नियमही त्याचे त्यानेच केले. माणसं बसली की तो मधल्या फळीजवळ वाकायचा आणि बाहेरून होडीच्या कडेखाली आडवी बोटं धरून, कड पाण्याच्या किती वर आहे ते मोजायचा. तो एकटा असला की वीतभर. दोघं असली की नऊ बोटं, तिघं असली की सात. चौघं बसली की बरोबर चार. चार बोटांच्या आत तो होडी सोडत नसे, मग समोरचा कितीही मोठा असो. "उतर. दुसऱ्या खेपंला नेतो," म्हणायचा, आणि त्याच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

तोंडी लागायची ती एकटी हिरी, त्याची बायको. ती पुढच्या फळीवर बसायची आणि त्याने मोजलं की मुद्दाम आपला हात लावून बघायची. तिची बोटं बारीक, त्यामुळे त्याची चार झाली की तिची पाच भरायची. "पाच हायेत. अजून एक बसल," असं म्हणून ती हसायची. तिच्या हसण्याकडे तो लक्ष नाही असं दाखवायचा आणि दिवसभर ते आठवत बसायचा.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी पलीकडच्या काठावर पाच माणसं झाली. पाड्यातली पुष्पा दोन दिवसांचं बाळ घेऊन दवाखान्यातून आली होती, सोबत तिचा नवरा आणि सासू, आणि बाजार करून आलेली हिरी. बाळ मोजायचं नाही, तरी हिरी सोडून आणि सुकऱ्या धरून चौघं झाली. हिरीने हात लावून पाहिला. "माझी पाच भरतात. बसू दे की मला."

"तुझी बोटं काय कामाची? बस इथंच. आलो," सुकऱ्या म्हणाला.

तो पाऊण तासात परत आला. काठावर वायरची पिशवी होती, पिशवीत वांगी आणि मीठ. शेजारी चपला जोडून ठेवलेल्या होत्या. हिरी नव्हती. तीन दिवस माणसांनी पाणी ढवळलं, पण ती मिळाली नाही, ना जिवंत ना मेलेली.

तेव्हापासून रोज दिवस मावळायच्या सुमाराला सुकऱ्या रिकामी होडी घेऊन पलीकडे जायचा, एक बिडी संपेपर्यंत काठावर बसायचा आणि परत यायचा. पहिले काही महिने लोक हळहळले, मग थट्टा करू लागले आणि नंतर तेही थांबलं. सुकऱ्याचं म्हणणं सरळ होतं. नावाड्याने काठावर बस म्हणून सांगितलं, तर त्या माणसाला आणायला जावं लागतं.

२

एकट्याने मागे बसून वल्हं मारलं की होडीची पुढची बाजू वर उचलली जाते आणि वारा तिला गिरक्या घ्यायला लावतो. म्हणून एकटा असताना सुकऱ्या पुढच्या फळीवर एक दगड ठेवायचा. तो हिरीच्या जात्याचा खालचा दगड होता. जुनं घर बुडालं तेव्हा शेवटच्या धावपळीत हा एवढाच हाती लागला, वरचा तिथेच राहिला. "माझं निम्मं जातं खाली ऱ्हायलंय," हिरी कितीतरी वर्षं म्हणायची. जुन्या पाड्यातला एक ताड अजून मधोमध पाण्यातून डोकं काढून उभा होता, वाळलेला, शेंड्याविना. त्याच्या पलीकडे वीस पावलांवर, पाण्याच्या तळाशी त्यांचं घर होतं.

यंदाच्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी दगड घरच्या काठावर राहिला. दुपारी कुणाचं तरी भाताचं पोतं पुढे ठेवायचं म्हणून त्याने तो उतरवला होता आणि पुन्हा चढवायचं विसरला होता. जाताना होडीने त्याला चांगलंच नाचवलं. स्वतःला शिव्या घालत तो पलीकडे पोचला, बिडी ओढली आणि परत निघाला.

निम्म्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की आपण वल्हं शांतपणे मारतोय. होडी सपाट चालली होती. पुढची बाजू उचललेली नव्हती.

सुकऱ्या तसा हिशेबी डोक्याचा माणूस. वारा पडला असेल, असं त्याला वाटलं. पण वारा होता, कानाला लागत होता. मग होडीत पाणी शिरलं असेल म्हणून त्याने बुडाला हात फिरवला. बूड कोरडं होतं. पत्र्याखाली शेवाळ नाहीतर ओंडका अडकला असेल म्हणून वल्ह्याने खाली खरवडून पाहिलं, तर तिथेही काही नाही. शेवटी त्याने वाकून कडेखाली बोटं धरली. एकट्याला वीतभर यायला हवी होती. नऊ बोटं आली.

त्याने पुन्हा मोजलं. नऊच.

पुढची फळी रिकामी होती. तिच्याकडे बघत बघत त्याने ताडापर्यंत होडी आणली. ताड मागे पडला आणि पुढची बाजू हलकेच वर आली, कुणी उठून बाहेर पाय टाकावा तशी. सपाट बुडाच्या होडीत पाण्याखालचा आवाज तळपायांना कळतो. सुकऱ्याला तेव्हा तो कळला. घरघर, घरघर, मध्ये थांबून पुन्हा घरघर. धरणाच्या दरवाज्याचा असेल, असं तो मनाशी म्हणाला. धरणाचा दरवाजा तिथून दोन डोंगर पलीकडे होता, हेही त्याला माहीत होतं.

३

दुसऱ्या दिवशी दगड त्याने मुद्दामच ठेवला नाही. कुणाला काही बोलला नाही. परतताना पुन्हा नऊ बोटं, आणि ताडापाशी पुन्हा वीत. तिसऱ्या दिवशी ताड गेला तरी नऊच राहिली, आणि होडी बरीच पुढे आल्यावर पुढची बाजू उचलली गेली. चौथ्या दिवशी अजून पुढे.

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही. दोन वर्षं छातीत अडकून बसलेलं काहीतरी सैल झालं आणि सुकऱ्या बोलू लागला. रिकाम्या फळीशी तो वाणसामानाच्या गोष्टी बोलायचा, लेक-जावयाच्या बोलायचा. रमेश दिवाळी झाल्यावर वीटभट्टीवर गेलाय वसईला, योगिता बाळंतपणाला आलीय आपल्याकडे, आठवा संपून नववा लागलाय, पायांना सूज आहे, तुझ्यासारखीच हट्टी आहे. फळीवरून उत्तर येत नसे. पण योगिताचं नाव निघालं की होडी किंचित त्याच्या बाजूला कलायची, जणू ऐकणारं माणूस पुढे वाकलंय. मग तो योगिताबद्दलच जास्त बोलू लागला.

आठव्या दिवशी होडी घरच्या काठाला लागली तरी नऊ बोटंच होती. सुकऱ्या उतरला, दोरी खुंटीला बांधली आणि वळून उभा राहिला. पुढची बाजू वर आली. चिखलात काही उमटलं नाही. फक्त काठावरच्या खडकावर, जिथे हिरी उतरताना हात टेकायची, तिथे ओल होती. चार बोटांची, बारीक.

त्या संध्याकाळी जात्याचा दगड त्याने पाठीवर घेऊन घरी नेला आणि चुलीमागच्या कोपऱ्यात, जिथे जातं असायला हवं होतं तिथे ठेवला. आता होडीत त्याची गरज नव्हती.

४

घर म्हणजे कुडाच्या भिंतींची एकच मोठी खोली. एका अंगाला चूल, दुसऱ्या अंगाला योगिताची वाकळ. जमीन शेणाने सारवलेली, आणि मार्गशीर्षातल्या कोरड्या हवेत ती खडखडीत असते. दुसऱ्या दिवशी योगिता म्हणाली, "बाबा, चुलीमागं ओल कुठनं येते?"

"कळशी सांडली असंल."

"कळशी इकडं हाय."

सुकऱ्याने वर बघितलं. कौलं ठीक होती, आणि पाऊस जाऊन दोन महिने झाले होते. त्याने राख पसरून ओल झाकली. दुपारपर्यंत राख भिजून काळी झाली.

मग तो खेपांवर असताना, भर दुपारी, योगिताला दळण्याचा आवाज येऊ लागला. ती पडलेली असायची, डोळा लागत असायचा आणि चुलीमागे घरघर सुरू व्हायची. ती उठून बसली की थांबायची. "वरचा दगडच नाय, तर दळतंय कोन?" तिने विचारलं. विचारताना ती हसत होती, पण उत्तरासाठी थांबली होती. सुकऱ्याने कोपऱ्यात जाऊन दगडावरून हात फिरवला. हाताला नाचणीचं पीठ लागलं. ओलं आणि गार होतं ते, तळ्यातल्या गाळाच्या वासाचं.

त्याने ते चाटून बघितलं. का बघितलं ते त्याला सांगता आलं नसतं. हिरीच्या हातचं भरडं असायचं तसंच होतं ते, जरा जाडसर. त्याचे डोळे भरून आले आणि योगिताला दिसू नयेत म्हणून तो चुलीत फुंकर घालत बसला.

"आनि बाबा," योगिता म्हणाली, "मी निजले की कोनीतरी पोटावर हात ठेवतं."

"कसा हात?"

"गार. पर बरा वाटतो." जरा वेळाने ती म्हणाली, "काल मात्र लई येळ ठेवला. पोर आत हलायचा थांबला व्हता. हात काढला तवा हलला."

त्या वाक्यावर सुकऱ्याची फुंकर थांबली. आपण कुणाला आणलं, असा प्रश्न त्याच्या मनात पहिल्यांदाच आला. हिरीलाच आणलं, दुसरं कोण असणार, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण दोन वर्षं पाण्यात राहिलेल्या माणसाला पोटावर हात किती वेळ ठेवायचा हे आठवत असेल का, हा प्रश्न काही केल्या जाईना.

५

रामी त्याची भावजय, थोरल्या भावाची विधवा. पाड्यातली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मलेली. योगिताला बघायला ती आली, चुलीमागची ओल बघितली, दगड बघितला, आणि बाहेर ओट्यावर येऊन बसली.

"भावजी, सांजची खेप बंद कर."

"का?"

"का ते तुला ठावं हाय. पोरीचा दिवस जवळ आलाय. ती मोकळी होईस्तवर तरी बंद कर."

"ती काय वाईट करनार हाय व्हय? आयस हाय तिची."

रामीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला मान खाली घालावी लागली. हिरी परत आलीय, हे तो नकळत कबूल करून बसला होता. "मी म्हनत नाय वाईट करंल," ती म्हणाली. "पर एकटं बसून बसून मानसाला सोबत लागते."

सुकऱ्याने खेप बंद केली नाही. त्या संध्याकाळी तो गेला, आणि परतताना रोजच्यासारखा बोलला मात्र नाही. होडी त्याच्या बाजूला कललेलीच राहिली, शेवटपर्यंत, वाट बघत.

६

तिसऱ्या दिवशी दुपारी योगिताला कळा लागल्या. पाणी आधी गेलं आणि ते हिरवट होतं. ते बघताच रामी म्हणाली, "माझ्या हातचा नाय. दवाखाना." माळावर जिथे फोन लागतो तिथून सुकऱ्याने जीपवाल्या विनोदला बोलावून घेतलं. चौघांनी योगिताला झोळी करून काठावर आणलं आणि होडीत निजवलं, पुढच्या फळीकडे डोकं करून. रामी तिच्या कमरेपाशी बसली. घाईत गोधडी घरीच राहिली. आणायला कुणी गेलं नाही, तेवढा वेळ नव्हता.

होडीत तिघं होती. सुकऱ्याने वाकून बोटं धरली. सात यायला हवी होती. चार आली.

त्याला कळलं, कोण बसलंय ते. त्याने काठावरच्या माणसांकडे बघितलं, रामीकडे बघितलं. चार म्हणजे नियमात बसत होतं. त्याने होडी सोडली.

ताडापर्यंत ठीक होतं. तिथे डोंगराच्या फटीतून वारा येतो आणि दुपारी त्याला जोर असतो. लाटा तशा हातभरसुद्धा नसतात, पण चार बोटं उरलेल्या सपाट होडीला तेवढ्या पुरतात. पहिली लाट कडेवरून आत आली. रामी तांब्याने पाणी उपसू लागली. दुसरी आली. सुकऱ्याने एका हाताने वल्हं धरून दुसऱ्याने मोजलं. तीन. होडी जड होत होती, आणि आत आलेल्या पाण्याने होत होती त्याहून जास्त.

"आये," योगिता म्हणाली. कळ ओसरली होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. "मांडी किती गार हाय गो तुझी."

रामीचा तांब्या हातातच राहिला. ती कमरेपाशी होती. तिची मांडी तिथे नव्हती. तिने वळून बघितलं, आणि सुकऱ्याने बघितलं. योगिताचं डोकं फळीला टेकलेलं नव्हतं. फळीपासून वीतभर वर, काहीही नसलेल्यावर ते निवांत ठेवलेलं होतं आणि तिचे केस खाली मोकळे लोंबत होते. केसांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. कपाळावरची एक बट बाजूला सरली. तेव्हा वारा उलट्या दिशेने वाहत होता.

"भावजी," रामी म्हणाली.

दोन बोटं.

त्या क्षणी सुकऱ्याला हिरी इतकी हवी होती की त्याने वल्हं सोडून द्यावं, पुढे जावं आणि त्या रिकाम्या जागेत तोंड खुपसून रडावं. दोन वर्षांनी आई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? पण योगिताच्या पोटावर लुगडं ओलं होत होतं. पंजाएवढी ओल, वरून दाबल्यासारखी. आणि योगिताचा चेहरा कळ नसताना पांढरा पडत होता.

"हिरी," तो म्हणाला, "उतर."

होडी हलली नाही.

"चार बोटांच्या आत झाला. तुला ठावं हाय माझा नियम. पोर जाईल, पोरीचा पोर जाईल. उतर, हिरी." मग त्याचा आवाज फुटला, आणि जे शब्द त्याने दोन वर्षं रोज मनात उलटे फिरवून बघितले होते, तेच तोंडातून बाहेर पडले. "बस इथंच. आलो."

पुढची बाजू एकदम वर आली. योगिताचं डोकं फळीवर आपटलं, ठक्. ती ओरडली. रामीने तिचं डोकं उचलून छातीशी धरलं. पुढच्या कडेवर चार ओली बोटं उमटली होती, बाहेरून धरल्यासारखी. सुकऱ्या बघत होता तोवर ती एक एक करून सुटली.

त्याने वल्हं मारलं. त्याच्या हाताला सहा बोटं लागली, उपसल्यावर सात. खाली, ताडापाशी, काही दळलं जात नव्हतं. ती शांतता त्याला त्या आवाजापेक्षाही सोसायला जड गेली.

७

विनोदने जीप पाण्यापर्यंत आणून उभी केली होती. योगिताला आत ठेवून रामी चढली आणि पुन्हा उतरून सुकऱ्यापाशी आली. "तू चल. होडी ऱ्हाऊ दे हितंच."

"जीपमधी जागा नाय. तुम्ही व्हा म्होरं."

"मग हितंच थांब. मी आल्याबिगर होडीला हात लावू नको. माझी आन हाय तुला, भावजी."

"बरा," सुकऱ्या म्हणाला.

तो काठावर बसला, जिथे चपला जोडून ठेवलेल्या सापडल्या होत्या तिथेच. बिड्या संपल्या. ऊन उतरलं. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. सुकऱ्या बोटं मोजत बसला, चार, पुन्हा चार. हिरीला इथे बसून पाणी असंच दिसलं असेल, असं त्याच्या मनात येत राहिलं. पलीकडून होडी दिसते, पण ती येतेय की चाललीय ते कितीतरी वेळ कळत नाही.

दिवस कलला तेव्हा जीप परत आली. विनोद एकटाच होता आणि लांबूनच हसत होता. "मुलगी! दोघी चांगल्या हायेत. डॉक्टर म्हनाला, अजून अर्धा तास झाला असता तर काय खरा नव्हता."

सुकऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बराच वेळ तो तसाच बसला आणि विनोदने त्याला बसू दिलं. रामीने विनोदला बजावून पाठवलं होतं, सुकऱ्याला जीपमध्ये घालूनच आण म्हणून.

"योगितानं निरोप दिलाय," विनोद म्हणाला. "गोधडी घरी ऱ्हायली ती घेऊन ये. आनि..." तो जरा अडखळला. "गुंगीत व्हती, काहीबाही बोलत व्हती. म्हनाली, बाबाला सांग, आयला पन घेऊन ये. ती तिथं पान्यात एकटी बसलीय."

८

विनोद जीप वळवून घेत होता तोवर सुकऱ्याने दोरी सोडली. विनोदने दोनदा हाका मारल्या. सुकऱ्याने वल्ह्यानेच हात केल्यासारखं केलं. गोधडी आणायला चाललोय असं विनोदला वाटावं, आणि ते खोटंही नव्हतं.

दगड नव्हता. पुढची बाजू वर उचललेली होती आणि होडी वाऱ्यावर गिरक्या घेत होती, तरी या वेळी त्याने तिला शिव्या घातल्या नाहीत. योगितालाही त्याने मनात आलोच म्हटलं होतं. दोघींना शब्द दिला होता. पण हिरी आधीपासून बसलेली होती, आणि नावाड्याने आधी बसलेल्याला आधी न्यायचं असतं.

ताडापाशी त्याने वल्हं आत घेतलं. सूर्य डोंगरामागे गेला होता, तरी पाण्यावर अजून उजेड होता. वारा पडला. होडी फिरता फिरता थांबली आणि तिथेच स्थिर राहिली, पाण्याने धरून ठेवल्यासारखी.

"हिरी," तो म्हणाला, "चल. या खेपंला जागा हाय."

बराच वेळ काही झालं नाही. मग तळपायांखाली, खूप खोल, दगडावर दगड एकदा फिरला आणि थांबला. कुणी दळता दळता हाक ऐकून जात्यावरून उठावं, तसा.

पुढची बाजू खाली आली. हळूच आली, तिची बसायची पद्धत तशीच होती. सुकऱ्याने कडेखाली बोटं धरली. नऊ. त्याला हसू आलं आणि रडूही आलं. पूर्वी ती पुढे बसली की तो जसा बघायचा, तसा तो रिकाम्या फळीकडे बघत राहिला.

"नात झाली तुला," तो म्हणाला. "योगिता म्हनते, आयला घेऊन ये."

होडी त्याच्या बाजूला कलली.

त्याने पुन्हा हात लावला. सात. एवढं वजन हिरीचं कधीच नव्हतं. त्याने बुडाकडे बघितलं, ते कोरडं होतं. त्याने एकीकडे घरच्या काठाकडे बघितलं, दुसरीकडे सडकेकडे बघितलं. विनोदच्या जीपचे दिवे लागले होते, दोन बारीक ठिपके. ते येतायत की चाललेत ते कळत नव्हतं. सहा. पाच.

वल्हं त्याच्या पायाशी होतं. उचललं असतं तर कदाचित पोचला असता.

सुकऱ्याने चार बोटं आडवी धरली. वरचं बोट कडेला टेकलं, करंगळी पाण्याला. बरोबर भरली.

"चार," तो म्हणाला.

करंगळीच्या खाली, पाण्यातून वर येऊन, तिला लागून आणखी एक बोट टेकलं. बारीक आणि गार. पाचवं.

पाणी करंगळीवर चढलं, मग शेजारच्या बोटावर. सुकऱ्याने हात काढला नाही.